नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (इ.स. १८४८ – ९ फेब्रुवारी, इ.स. १८९७) हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, दीनबंधु या वृत्तपत्राचे संपादक आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी होते. त्यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक मानले जाते. अतिश्रमाने झिजणाऱ्या कामगाराला ठरावीक विश्रांती मिळावी, ही त्यांची प्रमुख मागणी होती. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची साप्ताहिक सुटी सुरू झाली.

प्रारंभिक जीवन

लोखंडे यांचा जन्म ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर होते. ठाण्यात शालेय शिक्षण घेतल्यावर त्यांनी काही काळ रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केली. पुढे ते मुंबईतील मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत भांडारपाल झाले. कामगारांचे दैनंदिन जीवन त्यांना येथे जवळून पाहता आले. याच काळात महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांनी प्रभावित होऊन ते सत्यशोधक समाजाच्या कार्यात सहभागी झाले.

गिरण्यांतील परिस्थिती

त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे काम उजाडताच सुरू होऊन अंधार पडेपर्यंत चाले. दिवस मोठा असलेल्या उन्हाळ्यात ते तेरा-चौदा तासांपर्यंत लांबे. दुपारच्या सुटीची निश्चित वेळ नव्हती. साप्ताहिक सुटी नसे, आणि यंत्रे बंद असलेल्या दिवशीही कामगारांना साफसफाईसाठी बोलावले जाई. पगार उशिरा होत असल्याने कामगार कर्जबाजारी होत व थकलेल्या अवस्थेतही त्यांना कामावर जावे लागे.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा मुख्यतः मुलांपुरता मर्यादित होता. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि बारा वर्षांखालील मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांविषयी त्यात कोणतीही तरतूद नव्हती.

दीनबंधु

दीनबंधु हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले होते. ते बंद पडल्यावर लोखंडे यांनी १८८० मध्ये मुंबईहून त्याचे पुन्हा प्रकाशन सुरू केले. कारखाना कायद्याची मागणी लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या फायद्यासाठी पुढे रेटली जात आहे, असा आक्षेप घेऊन अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रे तिला विरोध करीत होती. या आक्षेपात तथ्य होते, कारण मुंबईच्या स्पर्धेची झळ इंग्लंडमधील गिरण्यांना बसू लागली होती. मात्र कायद्याचा आग्रह कोण धरतो यापेक्षा कामगारांना त्याची गरज आहे की नाही, हा प्रश्न दीनबंधुने महत्त्वाचा मानला.

१८८४ च्या सभा

२३ व २६ सप्टेंबर १८८४ रोजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबाग भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तेथे तयार झालेले निवेदन सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांनिशी कारखाना आयोगाला सादर करण्यात आले. त्यातील मागण्या पुढीलप्रमाणे होत्या:

• दर रविवारी पूर्ण सुटी
• दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती
• सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ
• मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत
• कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत वेतन, आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय

यांपैकी पहिल्या तिन्ही मागण्या विश्रांतीशी संबंधित होत्या. वेतनवाढीचा त्यांत समावेश नव्हता.

बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही संघटना याच चळवळीतून उभी राहिली. लोखंडे तिचे अध्यक्ष होते. तिच्याजवळ नियमावली, नोंदलेले सभासद किंवा निधी नसल्याने काही अभ्यासक तिला आधुनिक अर्थाने कामगार संघटना मानत नाहीत.

रविवारची सुटी

१८८४ नंतर अनेक वर्षे या मागण्यांची दखल घेतली गेली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. सभेने साप्ताहिक सुटीच्या मागणीचे निवेदन गिरणीमालकांच्या संघाकडे पाठवले. १० जून १८९० रोजी संघाने ही मागणी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने त्या दिवशी सुटी असावी, असा युक्तिवाद लोखंडे यांनी केल्याचे सांगितले जाते.

त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगावर सोराबजी शापूरजी बंगाली हे सदस्य होते, तर मुंबईतील कामकाजापुरता लोखंडे यांचाही समावेश होता. त्यानंतर आलेल्या १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. स्त्रियांसाठी दिवसाला अकरा तास, तर नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तास अशी मर्यादा ठरली. पुरुषांच्या कामाच्या तासांना मात्र मर्यादा घातली गेली नाही.

अन्य कार्य व मृत्यू

विधवांच्या केशवपनाच्या प्रथेविरुद्ध लोखंडे यांनी नाभिकांना संघटित केले. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर सलोखा निर्माण करण्यासाठी त्यांनी प्रयत्न केले. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आल्यावर ते रुग्णांच्या मदतीला धावले. त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

त्यांच्या निधनानंतर काही वर्षांतच गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही उरली नाही. कामाचे तास पुन्हा वाढले व १९०५ मध्ये मुंबईत कामगारांचा असंतोष उफाळला. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने आली. पुढे १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, तर १९४६ मध्ये ४८ तास अशी मर्यादा ठरवण्यात आली.

भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले. मुंबईतील परळ येथील महाराष्ट्र श्रमविज्ञान संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.