अहिल्याबाई आणि महेश्वरचे माग

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एखादी पाककृती मागितली असती तर ती सहज दिली असती. परंतु मंडळाची सहल ओंकारेश्वर-महेश्वरला जाऊन आली, तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात घोळते आहे. ती भगिनींपुढे मांडावी असे वाटले, म्हणून हे चार शब्द. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

अहिल्याबाई होळकर कोणाला ठाऊक नाहीत? जयंतीच्या दिवशी भाषणांतून काशीचे मंदिर, सोमनाथ, घाट, विहिरी, अन्नछत्रे हे सारे आपण ऐकतोच. पण त्यांनी महेश्वरात माग बसविले, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मलाही ते तिथे गेल्यावरच कळले.

बाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे. सासरे मल्हारराव होळकर हे तर आपल्याच मुलखातले म्हटले पाहिजे. ज्या नीरेच्या कालव्यावर आपली शेते भिजतात, त्याच नीरेच्या काठच्या होळ गावावरून त्यांचे होळकर हे आडनाव पडले. धनगराच्या घरचा मुलगा पेशव्यांच्या पदरी राहून माळव्याचा सुभेदार झाला, आणि त्यांच्या खंडेरावांशी बाईंचे लग्न झाले.

पुढचे सारे दुःखाचेच. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. बाई सती जाण्यास निघाल्या होत्या, त्यांना मल्हाररावांनी अडविले आणि कारभारात घातले. १७६६ मध्ये सासरे गेले, दुसऱ्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. अशा स्थितीत एका विधवा बाईने राज्य हाती घेतले. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे सोपविले, आणि आपण इंदूर सोडून नर्मदेच्या काठी महेश्वरास येऊन राहिल्या.

आता राजधानी आली म्हणजे किल्ला आला, दरबार आला, पाहुणे आले. पाहुण्याला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे? आपल्या घरी माहेरवाशीण आली तर आपण खणाची घडी देतो, त्यांना तर सरदारांची मोठमोठी घराणी सांभाळायची होती. तेव्हा लुगडी व पागोटी बाहेरून आणण्याऐवजी विणणारेच इकडे आणावे, असे त्यांनी ठरविले. बुऱ्हाणपूर, सुरत या बाजूचे विणकर बोलावून त्यांना महेश्वरात वसविले. पाहुण्यांना देण्यासाठी नऊवारी लुगडी तिथेच विणली जाऊ लागली. त्या विणकरांत मुसलमान घरे पुष्कळ होती. आजही महेश्वरात मागावर बसणाऱ्यांत अन्सारी, मोमीन घरे भरपूर आहेत आणि हिंदू घरेही आहेत. रोज पहाटे शिवाची पूजा करणाऱ्या बाईंनी विणकराची जात-धर्म पाहिला नाही, हात पाहिला. आणि त्या मंडळींनीही काय केले पाहा! किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी, नर्मदेच्या लाटा, चटईची वीण, विटांची रांग हे सारे त्यांनी लुगड्याच्या काठात उतरविले. देवळाच्या दगडावरचे फूल मुसलमान विणकराच्या मागावर आले, यात तिथे कोणाला काही विशेष वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. त्या भागातल्या डोंगरांत भिल्ल राहतात. वाटसरूंना लुटतात म्हणून त्यांच्यावर आधी सगळ्यांचाच राग. बाईंनी जरब बसविली खरी, पण नुसती जरब पोटाला पुरत नाही हे त्यांना कळत होते. भिल्लांच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर थोडासा कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क, ज्याला भिलकवडी म्हणत, तो त्यांनी मान्य केला आणि वाटेची राखण भिल्लांवरच सोपविली. माल नीट पोहोचल्याशिवाय व्यापारी येत नाही, आणि व्यापारी आला नाही तर सूतही येत नाही.

खर्चाच्या बाबतीतही बाई मोठ्या काटेकोर होत्या. देवळे, घाट, दानधर्म यांचा खर्च आपल्या खासगीतून, आणि राज्याचा पैसा राज्यासाठी. डब्यात बाजूला टाकलेले पैसे आणि घरखर्चाचे पैसे यांची गल्लत न करणारी बाई आपणापैकी प्रत्येकीला ओळखीची वाटेल. विधवेची मालमत्ता सरकारात जमा करून घेण्यास त्या तयार नसत, हेही इथे सांगून ठेवते.

महेश्वरला त्यांचा वाडा पाहिला. राजवाडा म्हणून डोळे दिपावे असे काही नाही, आपल्याकडच्या पाटलाच्या वाड्यासारखाच वाटला. त्यांची गादीही साधी, पांढरी. बाई स्वतः पांढरेच नेसत, रंगीत काठाशिवायचे. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. जिला काठाचे लुगडे नेसायचे नव्हते, तिने काठांचे गाव वसविले.

आता जरा माझे सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी माहेरच्या बाजारात एक म्हातारे सनगर बाबा घोंगडी घेऊन बसत. काळ्या मेंढीची लोकर, घरच्या बायकांनी चरख्यावर कातलेली, खड्ड्याच्या मागावर विणून वर चिंचोक्याची खळ दिलेली. मी भाव केला. केला म्हणजे फारच केला. दुकानात याच्या निम्म्या पैशांत मऊ ब्लँकेट मिळते, असेही त्यांना ऐकवले. बाबा काही बोलले नाहीत. घोंगडी झटकली, घडी केली आणि पिशवीत ठेवली. पुढे मामंजींची पाठ धरली, त्यांना खाली टोचणारी घोंगडीच हवी, म्हणून मी बाबांच्या घरी विचारीत गेले. बाबा वारले होते. मागाची लाकडे गोठ्याला लावली होती. मुलगा मोटार चालवीत होता, त्याला वीण येत नव्हती. त्या दिवसापासून ब्लँकेटचे ते बोलणे मला आठवले की वाईट वाटते.

महेश्वरचेही असेच व्हायचे होते. १३ ऑगस्ट १७९५ रोजी बाई गेल्या. पुढे १८१८ च्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वरचा आधार कमी झाला. गिरणीचे कापड आले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, तेव्हा उरलासुरला आश्रयही गेला. माग बंद पडत चालले. १९७८-७९ च्या सुमारास होळकरांच्याच घराण्यातले रिचर्ड होळकर आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी सॅली यांनी तिथे रेहवा नावाची संस्था काढली. रेवा म्हणजे नर्मदाच. त्यांनी थोड्याच मागांवर काम सुरू केले, आणि मुख्य म्हणजे बायकांना मागावर बसविले. पूर्वी बायका सूत भरण्यासारखी मदतीची कामे करीत, आता त्या स्वतः विणू लागल्या व मजुरी त्यांच्या हातात पडू लागली. हळूहळू गावात पुन्हा खटखट सुरू झाली. आज गल्लीतून चालताना ती घराघरांतून ऐकू येते.

अशाच एका घरात आम्ही शिरलो. एक मुसलमान बाई विणीत बसली होती, वयाने माझ्याएवढीच. उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा, असे तिने दाखविले. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे, ही महेश्वरीची खूण. मी हात लावून पाहू लागले तो एक धागा तुटला. मी ओशाळले. ती हसली, दोन बोटांनी गाठ मारली आणि धोटा पुन्हा चालू केला. गाठ कुठे होती ते मला मागून सापडले नाही.

तिने सांगितलेली किंमत मी दिली. बरोबरच्या जणींनी गाडीत मला चांगलेच फैलावर घेतले, थोडे तरी कमी करून घ्यायचे होते म्हणून. घरी आल्यावर साडी सासूबाईंपुढे ठेवली. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो. त्यांनी चष्मा लावून तो उलटासुलटा करून पाहिला, उजेडात दारापर्यंत नेला, आणि शेवटी सुलटी बाजू कोणती ते मलाच विचारले.