सर रामनाथ चोप्रा

मोहगावी एका रात्री आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. चिठ्ठी हरवलेली, म्हणून दुकानदाराने गोळ्या दिल्या नाहीत. मला त्याचा फार संताप आला. पुढे चोप्रांचे चरित्र वाचले, तेव्हा या नियमाचे मूळ कळले.

चोप्रांचा जन्म १८८२ साली गुजरानवाला येथे झाला. केंब्रिजला शिकून ते १९२१ मध्ये कलकत्त्यात औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले. देशी वनस्पतींवर त्यांनी जन्मभर संशोधन केले. रक्तदाब उतरवणारी सर्पगंधाही त्यांत होती. त्या काळी बाजारात कोणीही काहीही औषध म्हणून विके, क्विनिनसुद्धा भेसळीचे! १९३० साली सरकारने त्यांना औषध चौकशी समितीचे अध्यक्ष नेमले. अहवाल १९३१ चा, कायदा मात्र १९४० चा, नियम १९४५ चे. ठराविक औषधे चिठ्ठीवाचून विकायची नाहीत, हे त्या नियमांतले. इंग्लंडात अडीअडचणीला औषधविक्रेता स्वतः चौकशी करून, पूर्वी लिहून दिलेले औषध काही दिवसांपुरते देऊ शकतो. आपल्याकडे दुकानदाराला ती मुभा नाही. ती असावी, असे मला वाटते.

चोप्रा १९७३ मध्ये वारले. दुकानदारावरचा माझा राग केव्हाच गेला आहे. त्या रात्री मात्र आजी उशाशी बसून होती, आणि उजाडताच मी नव्या चिठ्ठीसाठी सौंसर गाठले.