लाल मातीची तरतूद

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की लोणीकंद मागे पडते, पेरण्याच्या हद्दीतला जयस्तंभ दिसतो, भीमेचा पूल येतो आणि पूल ओलांडला की आमचे कोरेगाव भीमा. आता या रस्त्याला कारखाने, गोदामे आणि मालमोटारींच्या रांगा आहेत. पण चैत्र-वैशाखात यात्रा सुरू झाल्या की याच पट्ट्यातल्या गावांना जुनी ओळख सांगावीशी वाटते. पहिल्या दिवशी पालखी, दुसऱ्या दिवशी तमाशा आणि शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. रेवड्या-नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होते आणि दिवस कलताना शेवटची मोठ्या इनामाची जोड सुटते. गावातली माणसे वर्षभर एकमेकांशी बोलत नसली तरी त्या दिवशी मांडीला मांडी लावून बसतात.

गेल्या वर्षी जवळच्याच एका गावाच्या ग्रामसभेला जाण्याचा योग आला. विषय होता तालमीच्या दुरुस्तीचा. दगडमातीच्या भिंती, वर गंजलेले पत्रे, वाशांना वाळवी आणि पावसाळी बाजूच्या भिंतीला सुटलेले पोट. पावसाळ्यात हौद्यातल्या मातीचा चिखल होई, म्हणून पोरांनी येणे सोडले होते. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस, तेव्हा कागद पाहायला म्हणून मला बोलावले. कागदात पहिलीच अडचण निघाली. नमुना आठच्या उताऱ्यावर तालमीची नोंदच धड नव्हती. जागा कुणाची हे कागदावर सिद्ध होत नाही तोवर सरकारी अनुदानाचा अर्ज पुढे सरकत नाही. शिवाय सभेत दोन तट पडले. एक म्हणे आधी गटारे, मग तालीम. दुसरा म्हणे गटारे दर वर्षी होतात, तालीम एकदा पडली की पडली. दोघांचेही खरे होते. विषय पुढच्या सभेवर गेला.

घरी परतताना मला सारखी आठवण येत होती ती कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. त्यांच्या जन्मदिवशी आपण हार घालतो, आरक्षणाच्या आणि शिक्षणाच्या कार्याची उजळणी करतो. ते योग्यच आहे. पण हा राजा लाल मातीतला होता आणि त्या मातीसाठी त्याने काय केले, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो.

त्यांच्या दत्तकविधानामागे एक दुःखद मृत्यू आहे, आणि तो याच नगर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला घडला. कोल्हापूरच्या गादीवरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून इंग्रज सरकारने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, देखरेखीखाली ठेवले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. गादी रिकामी पडली. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलकर घाटग्यांचा मुलगा यशवंतराव याला दत्तक घेतले. तोच पुढे शाहू छत्रपती झाला. जन्म २६ जून १८७४ चा, म्हणजे वय दहाच्या आत. आई राधाबाई तो तीन वर्षांचा असतानाच गेली होती. वडील जयसिंगराव आबासाहेब १८८६ साली गेले. गादी मिळाली, पण मायेचे छत्र गेले.

राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेजर या गुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. इंग्रजी, इतिहास, राज्यकारभार हे सारे शिकले, पण शरीर कमावण्याचा नाद कायम राहिला. धिप्पाड देह, मैदानी खेळांची आणि शिकारीची हौस, आणि कुस्तीचे तर वेडच. स्वतः मातीत उतरलेला माणूस असल्यामुळे पैलवानाला काय लागते हे त्यांना कुणी सांगावे लागत नसे. २ एप्रिल १८९४ रोजी विसाव्या वर्षी त्यांच्या हाती राज्यकारभार आला.

पुढची पाच-सहा वर्षे कसोटीचीच होती. १८९६-९७ चा दुष्काळ, त्यापाठोपाठ प्लेग, पुन्हा १८९९-१९०० चा दुष्काळ. स्वस्त धान्याची दुकाने निघाली, दुष्काळी कामे निघाली. राजाला आपली रयत जवळून पाहायला मिळाली ती या काळात. दरबारातल्या मोठ्या जागा एका-दोन जातींच्या हाती आहेत आणि बाकीच्या रयतेला शाळेची पायरीही ठाऊक नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले.

या वसतिगृहांची रीत बँकेतल्या माणसाने पाहण्यासारखी आहे. महाराज नुसती देणगी देऊन मोकळे होत नसत. जागा देत, इमारतीला मदत करत आणि पुढे सालीना नेमणूकही लावून देत. इमारत बांधणे हा एकदाचा खर्च. ती चालवणे हा कायमचा. पहिल्या खर्चाला फीत कापायला पाहुणे येतात, दुसऱ्याला कुणी येत नाही. महाराजांनी दुसऱ्या खर्चाचीही सोय केली, म्हणून ती वसतिगृहे त्यांच्या मागे टिकली.

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले. ते परदेशात असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, कोल्हापूरच्या राजपत्रात राज्यातल्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला. त्याच प्रवासात त्यांनी रोमचे ते प्राचीन गोल मैदान पाहिले. कोल्हापुरात सांगतात की ते भग्न मैदान पाहून त्यांच्या मनात आले, आपल्या पैलवानांसाठीही असेच काही असावे. राजवाड्याच्या खास बागेची जागा त्यासाठी निवडली. १९०७ साली काम सुरू झाले आणि १९१२ साली खासबाग मैदान पुरे झाले.

ज्यांनी खासबाग पाहिले आहे त्यांना त्याची करामत सांगायला नको. मधोमध उंचावर हौदा आणि भोवती उतरती, वर चढत जाणारी जमीन. हजारो माणसे जमिनीवर बसतात आणि सर्वांत मागच्याला पुढच्याच्या पागोट्याची आडकाठी होत नाही. राजालाही कुस्ती दिसते आणि कोपऱ्यात बसलेल्या हमालालाही. मैदानाला लागूनच महाराजांनी नाटकांसाठी पॅलेस थिएटर बांधले. ते १९१५ साली सुरू झाले आणि पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कुस्ती आणि नाटक या दोन शेजारणी त्यांनी एका भिंतीआड नांदवल्या.

मैदान बांधून ते थांबले नाहीत. पेठापेठांतल्या तालमींना आश्रय दिला. पैलवानांना दूध, तूप, बदामाचा खुराक दरबारातून बांधून दिला. उत्तरेकडचे नामांकित मल्ल कोल्हापुरात येऊ लागले आणि त्यांच्याकडून इथली पोरे नवे डाव शिकली. तालमीतली माती म्हणजे नुसती जमीन उकरलेली नव्हे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवावे लागते, ती रोज खोरून मऊ ठेवावी लागते. चार दिवस हात लागला नाही की ती दगड होते.

आणखी एक गोष्ट. कुस्तीत अंगाला अंग लागते. समोरच्याची जात विचारून पट काढता येत नाही. शिवाशिवीच्या त्या काळात या साध्या गोष्टीलाही अर्थ होता. महाराजांनी अस्पृश्यांना माहूत नेमले, कोचमन नेमले, तलाठी नेमले. गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली आणि भर रस्त्यात गाडी थांबवून तिथला चहा घेतला, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला; मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. १९१९ साली सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळायला बंदी केली. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला जाऊन तरुण डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व त्यांनी जाहीरपणे उचलून धरले आणि त्यांच्या मूकनायक पत्राला पैशाची मदत केली. तेच बाबासाहेब पुढे १ जानेवारी १९२७ रोजी आमच्या भीमेकाठी जयस्तंभाला आले. कोल्हापूर आमच्यापासून दूर वाटते, पण असे धागे जुळलेले आहेत.

महाराज देव नव्हते. शिकारीवर, हत्तींच्या साठमारीवर त्यांनी खर्च केला, तो रयतेच्याच पैशाचा. त्यांच्यावर टीकाही खूप झाली. काही जहरी, काही विचार करण्याजोगी. घरचे दुःखही होते. १९१८ साली धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीतल्या अपघातात गेले आणि महाराज आतून खचले. मधुमेहाने शरीर पोखरत होतेच. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा वयाची ४८ वर्षेही पुरी झाली नव्हती. राधानगरीचे धरण त्यांनी सुरू केले, पण ते पुरे झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ते पुढच्यांनी पुरे केले.

खासबागेची फळेही पुढच्यांनीच चाखली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले आणि १९५२ साली हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. गहाणखते मी खूप पाहिली, पण असे कारण लिहिलेले एकही पाहिले नाही. पदकाची आठवण अभिमानाने ठेवावी, तशी या गहाणाची आठवण थोड्या शरमेने ठेवावी. महाराज जाऊन तीस वर्षे झाली होती आणि दरबाराची ती बांधलेली तरतूद कुठे उरली नव्हती.

संस्थान गेले आणि खासबाग यथावकाश कोल्हापूर महापालिकेकडे आले. जुलै २०२३ मध्ये तिथली एक जुनी भिंत कोसळली आणि एका बाईचा जीव गेला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, शेजारचे नाट्यगृह आगीत जळाले. झळ खासबागेलाही बसली. माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. लगेच घोषणा झाल्या, राज्य सरकारने कोट्यवधींचा निधी जाहीर केला. जळाल्यावर कोटी मिळतात, हे चांगलेच आहे. पण भिंतीला पोट सुटते तेव्हा लागणारे काही हजार कुठल्या रकान्यात मागायचे, हे कुणाला सांगता येत नाही.

बँकेत आम्ही दर वर्षी इमारतीचा घसारा लिहीत असू. इमारत उभी दिसते तेव्हाच ती थोडी थोडी पडत असते, हे त्या रकान्याचे सांगणे. गावाच्या तालमीलाही घसारा आहे, पण तो लिहायला वहीच नाही. अनुदान येते ते मार्चअखेर, घाईने पत्रे आणि रंग बसतात, पाटी लागते, आणि पुढच्या पंधरा वर्षांत गटाराकडे तरी कुणी पाहते, तालमीकडे पाहत नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी एवढेच सुचवले. आधी उताऱ्यावर तालमीची नोंद लावून घ्या. मग जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे व्यायामशाळेच्या अनुदानाचा अर्ज करा. पण त्याआधी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात तालमीच्या देखभालीची एक ओळ दर वर्षासाठी घाला, रक्कम कितीही लहान असो. मागच्या रांगेतली एक आजी उठली. तिने विचारले की तिची नात दूरदर्शनवर मुलींच्या कुस्त्या पाहते, तिला या तालमीत घेणार का. सभेत हशा झाला, मग शांतता झाली, मग सरपंचांनी तेही इतिवृत्तात लिहायला सांगितले.

अनुदान अजून आलेले नाही. उताऱ्याची दुरुस्ती तालुक्याच्या खेपा घालते आहे. पोरांनी वर्गणी काढून पत्र्यांवर ताडपत्री ओढली, भिंतीला लाकडी टेकू दिले. ती देखभालीची ओळ मात्र अंदाजपत्रकात आली आहे. परवा पहाटे फिरायला त्या बाजूला गेलो होतो. आत दिवा होता आणि कुणीतरी फावड्याने माती खोरत होते.