विश्लेषण : वसईत जन्म, नागासाकीत क्रूस... संत गोन्सालो गार्सिया नेमके कोणाचे?

भारतात जन्मलेल्या ज्या व्यक्तीला कॅथलिक चर्चने सर्वप्रथम संतपद दिले, ती व्यक्ती वसईची. गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये क्रूसावर मृत्युदंड देण्यात आला. वडील पोर्तुगीज, आई वसईकर, संघ स्पॅनिश आणि कर्मभूमी जपान. मग त्यांना कोणत्या देशाचे मानायचे, हा प्रश्न आजही का निघतो?

तेव्हाची वसई कशी होती?

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. तिथून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, येथे पोर्तुगीजांची सत्ता होती. कोटाच्या आत पोर्तुगीज घराणी आणि मठ होते, तर बाहेर भातशेती, बागायती, कोळीवाडे आणि नव्याने ख्रिस्ती झालेली गावे. अशा वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. बालपणी ते जेझुइट धर्मगुरूंच्या सहवासात वाढले.

जपानला कसे पोहोचले?

साधारण पंधराव्या वर्षी, १५७२ च्या सुमारास, ते सेबास्तियन गोन्साल्विस या जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. जपानी भाषा त्यांनी लवकर आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. स्वतः जेझुइट व्हावे, ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. स्थानिक किंवा मिश्र वंशाच्या तरुणांना संघात घेण्यास त्या काळी जेझुइटांचा विरोध होता. निराश होऊन ते व्यापारात उतरले आणि त्यात यशस्वीही झाले. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले. धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांनी घेतली नाही.

मृत्युदंड कशामुळे?

फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कनांना जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे दूत म्हणून पाठवले. दुभाष्याची जबाबदारी गोन्सालो यांच्याकडे होती. हिदेयोशीने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण व्यापारासाठी त्याकडे कानाडोळा केला जात होता. त्यात पोर्तुगीजांच्या आश्रयाखालील जेझुइट आणि मनिलाहून आलेले फ्रान्सिस्कन यांच्यात स्पर्धा होती.

ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज शिकोकूच्या किनाऱ्याला लागून फुटले. जहाजावरचा माल जप्त झाला. आधी मिशनरी येतात आणि मागून सैन्य, असा हिदेयोशीचा संशय त्यानंतर बळावला. डिसेंबरमध्ये फ्रान्सिस्कनांना अटक झाली. डाव्या कानाचा भाग कापून कैद्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना महिनाभर नागासाकीपर्यंत चालवत नेण्यात आले. तेथील निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि १७ सामान्य ख्रिस्ती होते.

‘पहिले भारतीय संत’ यावर वाद का?

पोप अर्बन आठवे यांनी १६२७ मध्ये या हुतात्म्यांना ‘धन्य’ घोषित केले, तर ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी संतपद दिले. तरीही २००८ मध्ये केरळच्या अल्फोन्सा यांना संतपद मिळाले, तेव्हा ‘पहिल्या भारतीय संत’ असा उल्लेख अनेक ठिकाणी झाला. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज होते, हे त्यामागचे कारण. अल्फोन्सा या पहिल्या भारतीय महिला संत, हे निर्विवाद. पण जन्मभूमी आणि आईचे कूळ धरले, तर पहिला मान वसईकडे जातो. ज्या मिश्र वंशामुळे त्यांच्या काळात जेझुइट संघाचे दार बंद राहत होते, त्याच मुद्द्यावरून नंतर त्यांचे भारतीयत्व मोजले गेले.

वसईकरांसाठी हे महत्त्वाचे का?

चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज निघून गेले. स्थानिक ख्रिस्ती येथेच राहिले. त्यांची घरची बोली मराठीच्या कुळातली, आडनावे मात्र पोर्तुगीज. पुढे नोकरीसाठी मुंबईत आलेल्या गोवेकर ख्रिस्ती समाजापासून आपली वेगळी ओळख दाखवण्यासाठी मुंबई-साष्टी-वसई पट्ट्यातील अनेकांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. ‘तुम्ही मूळचे कुठले’ हा प्रश्न या समाजाला आजही विचारला जातो. नाव पोर्तुगीज आणि माती वसईची, हे गोन्सालो यांचे वर्णन त्यालाही लागू पडते.

वसईतील महाविद्यालय आणि गासचे चर्च आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. नागासाकीत निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये २६ हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले. त्यात वसईच्या या दुभाष्याचाही पुतळा आहे.