सोडियमच्या अणूचा ठाव घेणारे राबी

एमआरआयच्या खोलीबाहेर बसलेले नातेवाईक पुष्कळदा विचारतात, डॉक्टर, हे यंत्र आत नेमकं बघतं तरी काय? बहुतेक वेळा ते पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन टिपते. पण याच तंत्राने शरीरातील सोडियमही दाखवता येते. या दोन्हींची वाट ज्यांच्या प्रयोगशाळेतून गेली, ते शास्त्रज्ञ म्हणजे इसिडोर आयझॅक राबी.

राबी यांचा जन्म २९ जुलै १८९८ रोजी रिमानोव या गावी झाला. ते गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होते, आज पोलंडमध्ये आहे. ते तान्हे असतानाच कुटुंब न्यूयॉर्कला गेले. घरात यिडिश बोलली जाई आणि पैशांची ओढाताण असे. वाचनालयातल्या एका पुस्तकातून त्यांना ग्रहांची गती समजली आणि विज्ञानाची गोडी लागली, ती कायमचीच. १९१९ मध्ये ते रसायनशास्त्राचे पदवीधर झाले. पुढची काही वर्षे किरकोळ कामांत गेली. मग भौतिकशास्त्राकडे वळून त्यांनी १९२७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. हॅम्बर्गमध्ये ऑटो स्टर्न यांच्याकडे ते अणूंच्या झोतांचे तंत्र शिकले आणि १९२९ मध्ये कोलंबियातच शिकवू लागले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९३३. राबी आणि व्हिक्टर कोहेन यांनी सोडियमच्या अणूंचा बारीक झोत निर्वात नळीतून चुंबकांमधून नेला आणि तो किती भागांत विभागतो ते पाहिले. त्यावरून सोडियमच्या अणुकेंद्राचे स्पिन, म्हणजे त्याच्या चुंबकीय वागणुकीमागची मूळ फिरकी, दीड ठरली. हायड्रोजनची असते अर्धी. तेव्हा कोणाच्या आजाराचा विचार त्यात नव्हता.

हा ‘दीड’ आज आम्हा डॉक्टरांना त्रास देतो. त्यामुळे सोडियमचा संदेश काही मिलिसेकंदांतच विरून जातो. शिवाय शरीरात सोडियम पाण्याच्या मानाने फार थोडे, म्हणून संदेश हजारो पटींनी क्षीण. ३ टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजन सुमारे १२८ मेगाहर्ट्झवर प्रतिसाद देतो, तर सोडियम सुमारे ३४ वर. म्हणजे नेहमीचे यंत्र असले तरी त्यासाठी वेगळी कॉइल आणि अतिजलद नोंदणी लागते. एवढे करूनही चित्र धूसरच येते.

मग खटाटोप कशासाठी? पेशीबाहेर दर लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल सोडियम असते, आत जेमतेम १० ते १५. हा फरक टिकवायला पेशी सतत ऊर्जा खर्च करते. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटला की ऊर्जा संपते आणि सोडियम आत शिरते. गुडघ्याच्या कूर्चेत उलटे होते: झीज सुरू झाली की तिथले सोडियम कमी होते, कधीकधी साध्या चित्रात काही दिसण्याआधीच. यासाठी शिरेतून औषध टोचावे लागत नाही, कारण सोडियम शरीरातलेच असते.

१९३८ मध्ये राबी यांनी चुंबकीय अनुनादाची पद्धत प्रसिद्ध केली. १९४४ चे नोबेल त्यासाठीच मिळाले. युद्धकाळ रडारच्या कामात गेला. १९४६ मध्ये ब्लॉक आणि पर्सेल यांनी हाच अनुनाद द्रव-घन पदार्थांत पकडला, आणि त्यातून पुढे एमआरआय आला. १९८३ मध्ये सादेक हिलाल आणि सहकाऱ्यांनी पक्षाघात झालेल्या मांजराच्या मेंदूतील सोडियमची चित्रे प्रसिद्ध केली. गंमत म्हणजे हे कामही कोलंबियातलेच!

रुग्णांनी एक लक्षात घ्यावे. सोडियम एमआरआय आजही मुख्यतः संशोधनापुरता आहे. तो झाला नाही म्हणून उपचारात काही राहून गेले, असे समजू नका. रक्तातले सोडियम मोजण्याची तपासणी अगदी वेगळी. तिची जागा हा स्कॅन घेत नाही.

१९८७ च्या अखेरीस कर्करोगाने आजारी असलेल्या राबींना स्वतःलाच एमआरआयमध्ये झोपावे लागले. यंत्राच्या चकचकीत आतल्या भागात त्यांना आपला वेडावाकडा चेहरा दिसला. आपले काम इथवर येईल असे कधी वाटले नव्हते, अशा अर्थाचे ते नंतर बोलले. ११ जानेवारी १९८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.