मारिया मॉन्टेसरी: मुलाआधी खोली तपासणाऱ्या बाई

वर्गात एखादं स्वमग्न मूल आलं की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, याला आपल्या वर्गात जमेल का? डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी हा प्रश्न उलटा करून पाहिला. बालवाडीमुळे त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. पण त्यांच्या कामाची सुरुवात बालवाडीत नाही, वेड्यांच्या इस्पितळात झाली.

३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीत त्यांचा जन्म झाला. १८९६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. रोमच्या मनोरुग्णालयांत जाताना त्यांना तिथे मुलंही दिसली. या मुलांवर तेव्हा एकच शिक्का असे, मंदबुद्धी. मुलांमधला ऑटिझम वेगळा ओळखला जाऊ लागला तो १९४३ मधल्या लिओ कॅनर यांच्या लेखानंतर.

चरित्रकार एक प्रसंग सांगतात. जेवण झालं की ही मुलं जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे चिवडत बसायची. सांभाळणाऱ्या बाईला त्याची किळस यायची. मॉन्टेसरींनी मात्र खोलीभर नजर फिरवली. हाताळायला तिथे दुसरं काहीच नव्हतं!

मग त्यांनी इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांची पुस्तकं अभ्यासली. इतार यांनी जंगलात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलाला काही वर्षं शिकवलं होतं. तो मुलगा स्वमग्न असावा, असं आजचे काही अभ्यासक मानतात. सेगँ हे इतार यांचेच शिष्य. ज्ञानेंद्रियांतून कसं शिकवायचं, याची पद्धत त्यांनी बसवली.

१९०० मध्ये रोमला अशा मुलांसाठी शाळा सुरू झाली. मॉन्टेसरी सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत मुलांबरोबर असायच्या. त्यांनी लाकडी अक्षरं करून घेतली, स्वर लाल आणि व्यंजनं निळी. मुलं त्यांवरून बोटं फिरवायची. त्यांतली काही लिहा-वाचायला शिकली आणि इतर मुलांबरोबर सरकारी शाळेची परीक्षा पास झाली. लोक थक्क झाले. मॉन्टेसरींना वेगळीच काळजी लागली, की मग आपल्या नेहमीच्या शाळांतली धडधाकट मुलं इतकी मागे का?

६ जानेवारी १९०७ ला सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालघर उघडलं. तिथे एक छोटी मुलगी लाकडी दट्ट्या खाचांत बसवत होती. काढायची, पुन्हा बसवायची. मॉन्टेसरींनी इतर मुलांना गाणं म्हणायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं काम चालूच. चाळीसहून जास्त वेळा तेच करून ती समाधानाने थांबली. आपल्या वर्गातलं स्वमग्न मूल एकच गोष्ट परत परत करतं, तेव्हा आपण लगेच म्हणतो, पुरे आता! पण त्या वेळी ते शिकत असेल तर?

१९३९ मध्ये त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या. युद्धामुळे मुक्काम लांबला आणि १९४६ पर्यंत त्यांनी इथल्या कितीतरी शिक्षकांना तयार केलं. आपल्या ताराबाई मोडकांनी तोच विचार बोर्डी-कोसबाडला रुजवला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात नेली. ६ मे १९५२ रोजी मॉन्टेसरी नेदरलँड्समध्ये वारल्या.

मॉन्टेसरी पद्धत म्हणजे ऑटिझमवरचं औषध नव्हे. गरजेप्रमाणे तज्ज्ञांची मदत घ्यायलाच हवी. पण उद्या वर्गात मूल कानांवर हात ठेवेल किंवा बाकाखाली जाऊन बसेल, तेव्हा त्याच्या वहीत शेरा मारण्याआधी खोलीकडे बघा. पंखा खडखडतोय का? एका वेळी चार सूचना दिल्या का? पुढे काय होणार, हे त्याला चित्रातून कळतंय का? हाताळायला काही आहे का? एवढं बदलून पाहा. त्याचा फायदा त्या एका मुलाला होईलच, पण मागच्या बाकावरची गप्प मुलंही त्यातून शिकतील.