वालाच्या दाण्यातलं शास्त्र शोधणाऱ्या कमलाबाई सोहोनी

बदलापूर गाव आणि उल्हास नदीच्या काठच्या पट्ट्यात भात कापून झालं की राहिलेल्या ओलाव्यावर वाल पेरायची जुनी रीत आहे. वाल भिजवावा, मोड आणावेत, सोलावा आणि मगच शिजवून खावा, हे घरोघर ठाऊक असतं. कच्चा वाल बाधतो एवढंच आपण जाणतो. तो का बाधतो, याचं उत्तर प्रयोगशाळेत शोधणाऱ्यांमध्ये एक मराठी बाई होत्या. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी. आज जगभर गाई-म्हशींच्या आजारांवर प्रथिनांच्या अंगाने संशोधन चालू आहे. ते समजून घ्यायचं तर कमलाबाईंचं काम माहीत असणं उपयोगाचं आहे.

कमलाबाई या माहेरच्या भागवत. जन्म 1911 सालचा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. त्यांनी 1933 मध्ये उत्तम गुणांनी मिळवली आणि संशोधनासाठी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. तेव्हा तिथले संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला, आणि कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. थेट बंगळूर गाठून आपल्याला का घेत नाही, असा जाब त्यांनी विचारला. प्रवेश मिळेपर्यंत हलायचं नाही, असा त्यांचा पवित्रा होता. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडलं तरच पदवीसाठी धरायचं. हा अपमान त्यांच्या कायम लक्षात राहिला. तरीही त्यांनी अटी मान्य केल्या आणि कामाला लागल्या. वर्षभरात त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एका मुलीच्या हट्टामुळे मागून येणाऱ्या कितीतरी जणींचा रस्ता मोकळा झाला.

बंगळूरला श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. हा विषय त्यांनी पुढे जन्मभर सोडला नाही. 1936 मध्ये एम.एस्सी. झाल्यावर त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशीत सायटोक्रोम सी हे प्रथिन आढळलं. पेशीच्या श्वसनाला हे प्रथिन लागतं. अवघ्या चौदा महिन्यांच्या कामावर, चाळीसेक पानांच्या प्रबंधावर, 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

तिकडेच राहून नाव कमावता आलं असतं, पण त्या परत आल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, असा प्रवास झाला. 1947 मध्ये श्री. सोहोनी यांच्याशी लग्न होऊन त्या मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. तिथे विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी गरिबाच्या ताटातल्या अन्नाचा शोध घेतला. नीरा आणि ताडगुळावरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही दुधाच्या दर्जाबाबत त्यांनी सल्ला दिला.

आता वालाकडे येऊ. आपल्या आणि जनावराच्या पोटात प्रथिनं पचवणारा एक पाचक रस असतो, त्याचं नाव ट्रिप्सिन. हे ट्रिप्सिन कात्रीसारखं प्रथिनांचे तुकडे करतं. कच्च्या वालात मात्र या कात्रीला अडकवून ठेवणारं द्रव्य असतं. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे द्रव्य वालातून शुद्ध, स्फटिकरूपात वेगळं काढलं आणि 1955 मध्ये नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते छापून आलं. मोड आणल्याने हे द्रव्य कमी होतं आणि नीट शिजवल्यावर त्याचा जोर बहुतेक संपतो. म्हणजे घरातल्या जुन्या रीतीमागे शास्त्र होतं.

गंमत अशी, की आज प्रथिनांचं बरंचसं मोठं संशोधन याच कात्रीवर चालतं. त्या शास्त्राला प्रोटिऑमिक्स म्हणतात. सोप्या भाषेत, दुधात, रक्तात किंवा मांसात कोणकोणती प्रथिनं किती आहेत, याची एका वेळी केलेली खानेसुमारी. नमुन्यातल्या प्रथिनांचे ट्रिप्सिनने तुकडे करतात आणि यंत्रावर त्या तुकड्यांची वजनं मोजून प्रथिनं ओळखतात. युरोप-अमेरिकेत आणि आपल्याकडे करनालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत गाई-म्हशींवर असं काम झालं आहे. कासदाह, म्हणजे आपण ज्याला दगडी म्हणतो, त्यात दुधातली प्रथिनं बदलतात. हॅप्टोग्लोबिनसारखं प्रथिन वाढतं. कास सुजण्याआधी, दूध दिसायला चांगलं असतानाच रोग ओळखावा, हा या संशोधनाचा एक हेतू आहे.

यातून आपण काय घ्यायचं? कच्चा वाल किंवा कच्चं सोयाबीन कोंबड्यांना आणि लहान वासरांना घालू नये. भाजून किंवा शिजवून द्यावं, नाहीतर दाणा पोटात जातो पण अंगी लागत नाही. मोठं जनावर रवंथ करतं, त्याच्या पोटातले जंतू हे द्रव्य बरंचसं मोडतात. तरी त्यालाही बेतानेच द्यावं. दूध घटलं किंवा सड गरम लागला, तर वाट न बघता पशुवैद्यकीय दवाखान्यात दुधाची तपासणी करून घ्यावी.

कमलाबाई पुढे आपल्या संस्थेच्या संचालक झाल्या, तेही बराच काळ डावललं गेल्यावर. निवृत्तीनंतर अन्नातल्या भेसळीविरुद्ध ग्राहकांना शहाणं करण्याचं काम त्यांनी केलं. 1998 मध्ये दिल्लीत सत्काराच्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.

सरपंच, ग्रामसेवक आणि शाळा समितीच्या मंडळींना एकच विनंती. गावातली एखादी मुलगी दहावीनंतर विज्ञान किंवा कृषी पदविका शिकते म्हणाली, तर तिच्या एस.टी. पासाची आणि फीची अडचण आधी विचारा. लग्नाचं नंतर बघता येईल. कमलाबाईंना अडवणारा माणूस साधासुधा नव्हता, जगात नावाजलेला शास्त्रज्ञ होता, आणि तरीही त्याचा अंदाज चुकला होता.